शर्यतीच्या खेळांसाठी संगणक की कन्सोल? खानदेशातील नवख्यांसाठी मार्गदर्शक

शर्यतीचे खेळ खेळण्यासाठी संगणक घ्यावा की कन्सोल (म्हणजे टीव्हीला जोडून खेळण्यासाठीच बनवलेले, सोनीच्या प्लेस्टेशन किंवा मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्ससारखे यंत्र), हा प्रश्न बहुतेक जण उलट्या टोकाने सोडवायला घेतात. आधी यंत्र घरी येते, मग त्यावर कोणते खेळ मिळतात याची चौकशी सुरू होते, आणि स्टिअरिंग विकत घेण्याची वेळ आली म्हणजे हौसेने पसंत केलेले स्टिअरिंग आपल्या यंत्राला चालतच नाही, असे लक्षात येते. वास्तविक आधी खेळ ठरवावा, त्यानंतर स्टिअरिंग, त्यानंतर घरातील जागा, वीज आणि आपल्याकडचा उन्हाळा यांचा विचार करावा, आणि यंत्राचे नाव सर्वांत शेवटी घ्यावे. जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यात राहून पहिल्यांदाच हा खर्च करणाऱ्याला याच क्रमाने नेणारा हा लेख आहे.

पहिली पायरी : खेळ ठरवणे

शर्यतीच्या खेळांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात गाडी मनासारखी वळते, भिंतीला घासली तरी फारसे बिघडत नाही आणि सगळा भर वेगाच्या गमतीवर असतो. २०२१ साली आलेला 'फोर्झा होरायझन ५' हे याचे चांगले उदाहरण आहे. तो आधी एक्सबॉक्स आणि संगणकावरच होता, परंतु एप्रिल २०२५ पासून प्लेस्टेशन ५ वरही मिळतो. असे खेळ हातातल्या साध्या कंट्रोलरवर उत्तम खेळता येतात. ज्याला एवढेच हवे आहे, त्याने स्टिअरिंगवर खर्च करू नये आणि यंत्राबद्दल फार डोकेफोडही करू नये. घरात जे बसेल ते घ्यावे.

दुसरा प्रकार मधला आहे. त्यात टायरची पकड, ब्रेक मारल्यावर गाडीचे वजन पुढे येणे, पावसात घसरणे या गोष्टी बऱ्याच खऱ्या वाटतात, तरी नवख्याला सांभाळून घेण्याची सोय असते. मार्च २०२२ मध्ये आलेला 'ग्रान टुरिस्मो ७' या प्रकारातला सर्वांत घडीव खेळ आहे, असे माझे मत आहे. तो केवळ प्लेस्टेशन ४ आणि ५ वर चालतो. ही मालिका १९९७ पासून प्लेस्टेशनची राहिली असून संगणकावर ती कधीच आलेली नाही. २०२३ चा 'फोर्झा मोटरस्पोर्ट' त्याच जातीचा आहे, पण तो एक्सबॉक्स आणि संगणकापुरता आहे. फॉर्म्युला वनचा अधिकृत खेळ मात्र तिन्हीकडे मिळतो.

तिसरा प्रकार सिम्युलेटरचा, म्हणजे खरी गाडी चालवल्याचा शक्य तितका हुबेहूब अनुभव देणाऱ्या खेळांचा, आणि संगणकाचे पारडे खऱ्या अर्थाने जड होते ते इथे. २००८ पासून चालू असलेले 'आयरेसिंग' वर्गणी भरून खेळावे लागते, त्यातील बऱ्याचशा गाड्या आणि ट्रॅक वेगळे विकत घ्यावे लागतात, आणि ते फक्त संगणकावर आहे. 'आरफॅक्टर २' आणि 'ऑटोमोबिलिस्टा २' हेही संगणकाचेच. 'असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने' २०१९ मध्ये संगणकावर आणि २०२० मध्ये कन्सोलवर आला, त्यामुळे जीटी गाड्यांच्या, म्हणजे शर्यतीसाठी बदललेल्या स्पोर्ट्स गाड्यांच्या, गंभीर शर्यतींची आवड कन्सोलवाल्यालाही भागवता येते.

'असेटो कोर्सा' हा मूळचा २०१४ चा खेळ मात्र वेगळा उल्लेख मागतो. तो कन्सोलवरही निघाला होता, पण त्याचा खरा संसार संगणकावर उभा राहिला, कारण तिथे हौशी मंडळींनी तयार केलेल्या गाड्या आणि ट्रॅक, म्हणजेच मॉड, त्यात टाकता येतात. ग्रेटर नोएडाजवळच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११ ते २०१३ या तीन वर्षांत फॉर्म्युला वनची शर्यत झाली. तो ट्रॅक आज नव्या खेळांत सहसा सापडत नाही, परंतु या जुन्या खेळात मॉडच्या रूपाने चालवता येतो. शिवाय खेळ जुना असल्यामुळे तो साध्या ग्राफिक्स कार्डावरही (संगणकात पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग) सुरळीत चालतो आणि सवलतीच्या काळात त्याची संपूर्ण आवृत्ती अगदी स्वस्तात मिळते. ज्याच्या घरी बऱ्यापैकी संगणक आहे, त्याने काहीही नवीन विकत घेण्यापूर्वी हा खेळ चालवून पाहावा.

या पायरीवर कागदावर तीनच खेळांची नावे लिहावीत. त्यात 'ग्रान टुरिस्मो' असेल तर प्लेस्टेशनला पर्याय नाही. 'आयरेसिंग' किंवा मॉडची ओढ असेल तर संगणकाला पर्याय नाही. नावे दोन्हीकडे मिळणारी असतील, तरच पुढचा विचार निर्णायक ठरतो.

दुसरी पायरी : स्टिअरिंग

नवख्यांचे सर्वाधिक पैसे इथेच वाया जातात. प्लेस्टेशनसाठी बनवलेले स्टिअरिंग एक्सबॉक्सवर चालत नाही आणि एक्सबॉक्सचे प्लेस्टेशनवर चालत नाही. संगणकाला मात्र यांपैकी बहुतेक सगळी चालतात. लॉजिटेकचे जी२९ हे प्लेस्टेशन आणि संगणकासाठी आहे, तर दिसायला जवळजवळ तसेच असलेले जी९२० हे एक्सबॉक्स आणि संगणकासाठी आहे. नंतर आलेले जी९२३ एकाच नावाने दोन वेगवेगळ्या प्रकारांत विकले जाते, त्यामुळे खोक्यावरचे चिन्ह न पाहता ते उचलणे धोक्याचे आहे. थ्रस्टमास्टरचेही तसेच आहे. टी१५० आणि टी३०० प्लेस्टेशनच्या बाजूचे, टीएमएक्स एक्सबॉक्सच्या बाजूचे. आपल्याकडे दुकानदाराला विचारले तर "बठ्ठं चालस, भाऊ" असे उत्तर हमखास मिळते. ते प्रेमाने दिलेले असले तरी त्यावर विसंबू नये आणि खोके स्वतः फिरवून वाचावे.

जुने स्टिअरिंग स्वस्तात मिळत असेल, तर संगणकाचा फायदा अधिकच ठळक होतो. लॉजिटेकचे जी२७ हे एके काळी फार गाजलेले स्टिअरिंग संगणकावर आजही चालते, पण प्लेस्टेशन ५ त्याला ओळखत नाही. कन्सोलची पिढी बदलली की जुनी सामग्री निकामी होण्याची शक्यता असते, तर संगणक बदलला तरी स्टिअरिंग सहसा टिकून राहते. स्टिअरिंगवर मोठी रक्कम घालण्याचा बेत असलेल्या माणसाने ही गोष्ट गांभीर्याने घ्यावी.

स्टिअरिंगच्या आतली रचना समजून घेण्यासाठी एवढे पुरे की, गाडीचे टायर घसरताना किंवा ट्रॅकच्या कडेवर चढताना हाताला जो विरोध जाणवतो, तो आतली मोटर निर्माण करते, आणि त्याला फोर्स फीडबॅक म्हणतात. जी२९ मध्ये ही ताकद दातेरी चक्रांमधून येते, म्हणून ते थोडे खडखडते. टी३०० मध्ये पट्ट्यातून येते, म्हणून ते मऊ चालते. आणि महागड्या डायरेक्ट ड्राइव्ह प्रकारात मोटरच्या दांड्यावरच स्टिअरिंग बसवलेले असते. ज्यात फोर्स फीडबॅक मुळीच नाही आणि जे केवळ रबराच्या ताणाने मध्यावर येते, असे तीन-चार हजारांचे स्टिअरिंग घेण्यापेक्षा कंट्रोलरवरच खेळावे. पहिले काही महिने कंट्रोलरवर काढणे हाही शहाणपणाचा मार्ग आहे, कारण आवड टिकते की नाही हे तोपर्यंत कळते.

वापरलेले स्टिअरिंग घेताना ते विजेला आणि यंत्राला जोडून दाखवण्याचा आग्रह धरावा. चालू होताच ते आपोआप एका टोकापर्यंत, मग दुसऱ्या टोकापर्यंत फिरून मध्यावर थांबले पाहिजे. ते मध्यावर न थांबता किंचित एका बाजूला राहत असेल, तर आतला सेन्सर बिघडलेला असू शकतो. त्यानंतर संगणकाला जोडून विंडोजमधील गेम कंट्रोलरच्या खिडकीत प्रत्येक पेडल अगदी सावकाश दाबावे. पट्टी एकसारखी भरत गेली तर ठीक. ती मध्येच उड्या मारत असेल, तर पेडल किती दाबले हे मोजणाऱ्या आतल्या पोटेन्शिओमीटरवर धूळ बसली आहे किंवा तो झिजला आहे. धुळीचा दोष साफसफाईने जातो, झिजेचा जात नाही.

तिसरी पायरी : बैठक

स्टिअरिंग टेबलाला शिकंज्याने आवळायचे असते. पातळ प्लायचे घडीचे टेबल त्याच्या झटक्यांनी हलू लागते, म्हणून जाड फळीचे आणि जड टेबल असावे. चाकांच्या खुर्चीचा मोह टाळावा, कारण ब्रेकचे पेडल जोरात दाबले की खुर्ची मागे सरकते आणि ब्रेक अर्धाच लागतो. चार पायांची साधी प्लॅस्टिकची खुर्ची पाठीमागे भिंतीला टेकवून ठेवली, तर ती या कामी महागड्या गेमिंग खुर्चीपेक्षा सरस ठरते. आपल्या घरांतील गुळगुळीत फरशीवर पेडलचा संच पुढे पळतो, म्हणून त्याच्या पुढे भिंतीपर्यंत एक फळी अडकवावी.

कन्सोल सहसा हॉलमधील टीव्हीला जोडला जातो, आणि तिथे संध्याकाळच्या मालिकांशी गाठ असते. टीव्हीसमोर रोज टेबल ओढून मांडायचे आणि रोज काढायचे, हे पहिल्या उत्साहात जमते, पण पुढे पुढे कंटाळा येऊन स्टिअरिंग कपाटात जाते. म्हणून कन्सोल घेतला तरी तो शक्य असल्यास वेगळ्या खोलीत स्वतंत्र मॉनिटरला जोडावा. टीव्हीच वापरायचा असेल, तर त्यातील गेम मोड चालू करावा. तो बंद असेल तर हात वळवल्यावर चित्र किंचित उशिरा वळते, आणि शर्यतीत ती दिरंगाई फार जाणवते. तीन पडदे अर्धवर्तुळात मांडण्याची इच्छा असेल, तर ती संगणकावरच नीट पुरी होते.

चौथी पायरी : ऊन, धूळ आणि वीज

पुण्या-मुंबईच्या माणसाने लिहिलेल्या सल्ल्यात हा भाग सहसा नसतो, पण खानदेशात तो वगळता येत नाही. प्लेस्टेशन ५ वापरण्यासाठी सोनीने सांगितलेले तापमान ५ ते ३५ अंश सेल्सिअस आहे. जळगाव आणि भुसावळ येथे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी आत शिरल्यावरच जीव घाबरतो. अशा खोलीत यंत्र लगेच जळून जात नाही, पण पंखा पूर्ण वेगाने ओरडतो, आणि उष्णता हाताबाहेर गेली की कन्सोल इशारा देऊन बंद पडतो. उन्हाळ्यात खेळ पहाटे किंवा रात्री उशिरा ठेवावा. कन्सोल टीव्हीच्या शोकेसमध्ये, काचेच्या दारामागे ठेवू नये. कूलरच्या थेट झोतातही तो ठेवू नये, कारण त्या हवेतील ओलावा आणि आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यातले क्षार यंत्राच्या आत जाऊन बसतात.

याबाबतीत संगणक सोयीचा आहे. कॅबिनेटचे झाकण काढून ब्लोअर मारता येतो, पंखा बदलता येतो, गरज पडल्यास एखादा पंखा वाढवता येतो. प्लेस्टेशन ५ च्या बाजूच्या पट्ट्या निघतात आणि धूळ गोळा होण्यासाठी ठेवलेली छिद्रे व्हॅक्यूमने साफ करता येतात, परंतु त्याच्या पुढे हात घालणे नवख्याचे काम नाही. ज्यांचे घर जिनिंगजवळ किंवा शेतरस्त्याच्या कडेला आहे, त्यांनी ही सफाई महिन्याला एकदा करावी.

विजेचा हिशोब सोपा आहे. प्लेस्टेशन ५ खेळताना साधारण २०० वॅट ओढतो. रोज दोन तास धरले, तर महिन्याला १२ युनिट होतात. मध्यम ताकदीचा गेमिंग संगणक पडद्यासह ३५० वॅटच्या आसपास जातो, म्हणजे त्याच वापरात २१ युनिट. फरक फार मोठा नाही, पण महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या पुढे टप्पा बदलतो, आणि काठावर असलेल्या घराला तो बिलात दिसतो. एक्सबॉक्स सिरीज एस या दोघांपेक्षा बरीच कमी वीज घेतो, आणि जिथे इन्व्हर्टरच्या भरवशावर दिवस काढावे लागतात, तिथे त्याचा हा गुण मोठा ठरतो.

वीज जाण्याची धास्ती असेल, तर यूपीएस घ्यावा. ६०० व्हीएचा साधा यूपीएस कन्सोल आणि टीव्ही यांना काही मिनिटे सांभाळतो, तेवढ्यात शर्यत सोडून यंत्र नीट बंद करता येते. संगणकासाठी मात्र मोठा यूपीएस लागतो. शिवाय चांगल्या प्रतीच्या पॉवर सप्लायला स्वस्त स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर मानवत नाही, त्यामुळे घरी असा इन्व्हर्टर असेल तर त्यावर गेमिंग संगणक जोडू नये.

पाचवी पायरी : इंटरनेट

आजकालचे मोठे खेळ १०० जीबीच्या घरात किंवा त्याहून मोठे असतात. तालुक्याच्या गावी फायबर आले असेल तर हा प्रश्न नाही. परंतु ज्याच्याकडे रोज २ जीबी देणारा मोबाइलचा प्लॅन आहे, त्याला असा एक खेळ उतरवायला पन्नास दिवस लागतील. अशा ठिकाणी डिस्कचा प्लेस्टेशन घ्यावा. खेळाचा बराचसा भाग डिस्कवरून येतो, अपडेट मात्र तरीही उतरवावे लागतात. एक्सबॉक्स सिरीज एसमध्ये डिस्कची सोय नाही आणि त्याच्या ५१२ जीबीच्या आवृत्तीत सुमारे ३६४ जीबीच वापरता येतात, म्हणजे तीन मोठे खेळ आले की जागा संपते.

'ग्रान टुरिस्मो ७' मधील बराचसा भाग एकट्याने खेळतानाही इंटरनेट मागतो, हेही जाणून घ्यावे. मार्च २०२२ मध्ये एका अपडेटच्या वेळी त्याची सेवा तीस तासांहून अधिक काळ बंद होती, आणि पैसे मोजून खेळ घेतलेले लोक हात चोळत बसले होते. गावात इंटरनेट वरचेवर जात असेल, तर 'असेटो कोर्सा'सारखा एकट्याने खेळता येणारा खेळ अधिक भरवशाचा. ऑनलाइन शर्यतीसाठी कन्सोलवर बहुतेक खेळांत वर्षाला काही हजारांची वर्गणी भरावी लागते. संगणकावर ती सहसा लागत नाही.

सहावी पायरी : पैसे आणि दुकान

प्लेस्टेशन ५ ची सडपातळ आवृत्ती २०२४ मध्ये भारतात आली, तेव्हा डिस्कसह ५४,९९० आणि डिस्कविना ४४,९९० रुपये अशी तिची किंमत होती. साधारण तोडीचा संगणक, म्हणजे सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ८ जीबीचे ग्राफिक्स कार्ड, १ टीबी एसएसडी आणि पडदा, असा संच जुळवायला याहून बराच अधिक खर्च येतो. त्यात २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले. उलट कन्सोलचे नवे खेळ चार-पाच हजारांना पडतात, आणि संगणकाचे खेळ सवलतीत पुष्कळ स्वस्त मिळतात. डिस्कवरचा खेळ मात्र खेळून झाल्यावर विकता येतो किंवा मित्राशी अदलाबदल करता येतो, हे कन्सोलच्या बाजूने धरावे.

संगणक जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा आपल्या तालुक्याच्या ओळखीच्या दुकानात जुळवून घ्यावा, आणि प्रत्येक भागाचा अनुक्रमांक असलेले जीएसटीचे बिल मागावे, कारण वॉरंटी प्रत्येक भागाची वेगवेगळी असते. बिघाड झाला तर पुष्कळदा गावातच काम होते. कन्सोल मात्र बहुधा बाहेरगावी पाठवावा लागतो, म्हणून परदेशातून आलेला, बिलाविना स्वस्तात मिळणारा कन्सोल घेऊ नये. जुना संगणक घेत असाल, तर इंटेलचा प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा आहे ना, ते पाहावे. विंडोज १० चा नियमित आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबला आहे आणि त्याहून जुने बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाहीत.

सातवी पायरी : निर्णय

घरात संगणकाची तशीही गरज असेल, म्हणजे मुलगा अभियांत्रिकीला असेल किंवा घरचा हिशोब, अर्ज, छपाई त्यावर होणार असेल, तर संगणकच घ्यावा आणि शर्यतीला लागणारे ग्राफिक्स कार्ड तेवढे वाढवावे. दोन वर्षांत पुण्याला शिकायला जाणाऱ्याने मात्र गेमिंग लॅपटॉपच्या मागे लागण्यापूर्वी विचार करावा. तो सोबत नेता येतो हे खरे, पण आपल्या उन्हाळ्यात तो सर्वांत जास्त तापतो आणि ताकद आपोआप कमी करतो. अभ्यासासाठी साधा लॅपटॉप आणि घरी कन्सोल, हे गणित पुष्कळदा त्याहून बरे बसते.

ज्याच्याकडे कामाचा संगणक आधीच आहे आणि ज्याला दिवसभराच्या कामानंतर तासभर शर्यत खेळायची आहे, त्याला मी निःशंकपणे कन्सोल सुचवेन. ड्रायव्हर सॉफ्टवेअर, सेटिंग, मॉड यांत संध्याकाळ जात नाही. ज्याला नेमकी त्यातच मजा वाटते, जो स्वतःच्या दुचाकीचा कार्ब्युरेटर स्वतः उघडतो, त्याने संगणकाकडे वळावे. कन्सोलवर त्याचे हात शिवशिवत राहतील.

यंत्र घरी आल्यानंतर

जी२९ प्लेस्टेशन ५ ला जोडताना त्यावरील छोटी कळ पीएस४ च्या बाजूला सरकवावी. ती पीएस३ कडे असेल तर कन्सोल स्टिअरिंगला दाद देत नाही आणि नवखा माणूस ते बिघडलेले समजून परत करायला निघतो. संगणकावर आधी कंपनीचे सॉफ्टवेअर बसवून फिरण्याची मर्यादा ९०० अंश ठेवावी आणि गाडीनुसार बदल खेळाला करू द्यावा. फोर्स फीडबॅक सुरुवातीला निम्म्याच्या आसपास ठेवावा, कारण पूर्ण ताकदीवर हात दुखतात आणि बारीक थरथर जाणवेनाशी होते.

गाडी निवडताना फॉर्म्युला वन किंवा लांबलचक सुपरकारकडे जाऊ नये. कमी ताकदीची, पुढच्या चाकांनी ओढली जाणारी छोटी गाडी आणि एकच ट्रॅक घेऊन आठवडाभर तेवढेच करावे. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाके अडकू न देणारी सोय) चालू असू द्यावे, ट्रॅक्शन कंट्रोल (वेग वाढवताना चाके जागच्या जागी फिरू न देणारी सोय) हळूहळू कमी करावा, आणि रस्त्यावर दिसणारी मार्गरेषा फक्त ब्रेकच्या जागांपुरती ठेवावी. 'ग्रान टुरिस्मो ७' घेतला असेल, तर त्यातील लायसन्सच्या परीक्षा आधी द्याव्यात. त्यांतील पहिली परीक्षा सरळ धावून ठरलेल्या जागी थांबण्याचीच आहे, आणि जी२९ च्या कडक ब्रेक पेडलचा अंदाज पायाला तिथेच येतो.